गंजाचा आराखडा

अजून बनवलेलं काहीच नाही.
चौकटीच्या वहीत एक चित्र फक्त:
मूठ, नळी, तीन काचा, अंगठ्याशी कळ.
अंतराळातल्या खनिजवाहू जहाजावरचा
इशाऱ्याचा दिवा.
असं जहाज नाही. दिवा तर नाहीच नाही.
तरी मला त्याची हुबेहूब प्रतिकृती हवी आहे.

बाहेर डुलुथ, फेब्रुवारी, उणे चोवीस.
सरोवर नजर पोचेल तिथवर गोठलेलं.
तळघरात टेबलावर पाइपाचा तुकडा,
मोडक्या व्हॅक्यूम क्लीनरचं नरडं,
दोन डॉलरला मिळालेली कॅमेऱ्याची भिंगं.
लांबी अकरा इंच.
आत शिसं भरायचं;
खोटं हलकं असतं, हाताला लगेच कळतं.

रंग सोपा. जुनेपण अवघड.
डेपोतला कॉर्विन म्हणाला, "साखळीने बदड, झालं जुनं."
पण मार खाल्लेलं निराळं, वापरलेलं निराळं,
माणसांतसुद्धा.
म्हणून आज माझाच पाना उजेडात धरला.
एकवीस वर्षं.
बोटं पडतात तिथे लख्ख,
खाचांत तेलाचं काळं,
आकडा कधीच पुसलेला, मी चाचपून ओळखते.
वहीत लिहिलं:
आधी हात ठरव. मग ओरखडे.

हात ओर्ला टीगचा.
जहाजावरची तिसरी मेकॅनिक, डावखुरी.
दिवा पट्ट्याला उलटा अडकवायची,
म्हणून खालच्या कडेचे टवके उडालेले.
एकदा तो पडला.
कुठे, कसा, तिने कोणालाच सांगितलं नाही,
मलाही नाही.
पोचा मात्र हवा. तिसऱ्या काचेखाली, नखाएवढा.

कृती अशी: आधी चंदेरी थर,
त्यावर हेअरस्प्रे, ओला असतानाच मिठाची चिमूट,
वरून पिवळा रंग.
वाळल्यावर मीठ खरवडायचं,
की खालून धातू डोकावतो.

मीठ!
दिवसभर मी मिठाशीच भांडते.
बर्फावर ट्रकांनी ओतलेलं,
बसच्या पोटाला चिकटलेलं,
ब्रेकच्या नळ्या कुरतडणारं.
मार्चपर्यंत धड पत्र्याची चाळणी.
आणि घरी येऊन
स्वयंपाकघरातला डबा खाली आणायचा,
गंज लवकर यावा म्हणून.
शेजारची आउने हसत सुटली:
"दिवसा आग विझवतेस, रात्री काडी लावतेस!"

पाइपाच्या तुकड्यावर पहिली चिमूट टाकली आज.
जास्तच पडली. देवी आल्यासारखा दिसतो बिचारा.
पुन्हा करीन. निम्मं मीठ.

कळीचं मात्र ठरलं.
तिथे रंग नाही, मीठ नाही, काही नाही.
पितळ लावायचं, आणि रोज रात्री
टीव्ही बघताना अंगठ्याने चोळत बसायचं, वर्षभर,
डाव्या. मी उजवी असले तरी.
तेवढी झीज खरी होईल.

पितळ मागवायचं आहे.
अर्ध्या इंचाची सळई. सोमवारी.