सहीची जागा

कार्यशाळेत आम्हांला क्रियापदं बदलायला सांगितली.
डिसेंबरची सकाळ, म्हसरूळचा गार हॉल,
तीस प्राध्यापक स्वेटरात, चहाच्या कपांवर हात शेकत.
‘समजणे’ खोडा. ‘माहीत असणे’ खोडा.
जे डोळ्यांना दिसत नाही ते उद्दिष्टात नको.
मग मी लिहिलं:
विद्यार्थी शीर शोधेल, सलाईन लावेल,
त्याआधी रुग्णाला विचारेल.
बावीस वर्षं मी फक्त ‘समजलं का?’ म्हणत आलो
आणि वर्ग ‘हो सर’ म्हणत आला.

आता वॉर्ड नंबर चार.
यशोधरा निरभवणे, लॉगबुक काखेत.
रबराच्या हातात तिनं अकरा वेळा सुई घातलीय,
अकराही वेळा लाल पाणी आलं.
रबर ‘आई गं’ म्हणत नाही.

खाटेवर भागीबाई गावित, सुरगाण्याकडची,
दिंडोरीला द्राक्षछाटणीवर आलेली.
तीन दिवसांचे जुलाब, जीभ कोरडी,
तळव्याला कात्रीचे घट्टे,
शिरा कुठे दडून बसल्यात कोण जाणे.

पहिली सुई फसली.
यशोधरेनं कापूस दाबला, म्हणाली,
“मावशी, चुकलं माझं.”

आमच्या काळी आम्ही म्हणायचो,
शीरच खराब आहे.

मग तिनं विचारलं, “मागं कधी लावलं होतं का? कुठं लागलं होतं?”
भागीबाईनं न बोलता डावा हात उलटा केला,
कोपराच्या खाली, आतल्या अंगाला बोट ठेवलं.
तिथंच होती.

लॉगबुकात तीन पर्याय:
अपेक्षेपेक्षा कमी, अपेक्षेइतकं, जास्त.
शेरा लिहायला इंचभर जागा.
‘चुकलं माझं’ कुठल्या क्रमांकाखाली येतं,
मी पानं मागेपुढे चाळली.

सत्त्याण्णव साली, रात्रपाळीत,
ओझरच्या एका म्हाताऱ्याच्या हातावर मी पाच भोकं पाडली.
वॉर्डबॉय कारभारी बॅटरी धरून उभा.
सहाव्यांदा त्यानंच दाखवलं, इथं बघा साहेब.
म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडलेला.
त्या रात्रीवर कुणाची सही नाही.

“झालं?” भागीबाई विचारते.
“झालं. लई दुखलं ना?”

मी ‘अपेक्षेइतकं’वर खूण करतो,
पेन तसंच धरून राहतो.
मागं ओजस दातीर, लॉगबुक उघडून तयार,
“सर, माझं पण तेवढं…
बाराची बस आहे.”