साठ मीटर

पहिली जागा गंगापूर धरणाच्या मागे.
पाणी जवळ, म्हणून कर्णिक साहेबांनी तक्त्यात
पाण्यापुढं बरोबरची खूण केली.
मग पाणी फारच जवळ, म्हणून तीच खोडली.
जाळं आवरणाऱ्या माणसानं विचारलं, काय येणार इथं?
पाळणे, म्हणालो मी. मोठे पाळणे.
असं होय, म्हणाला तो,
आणि गाठी सोडवत राहिला.

दुसरी दिंडोरीच्या अंगाला.
द्राक्षांच्या मांडवाखालून सहाजण चाललो,
कंबरेत वाकून, कमरेवर हात ठेवून,
आणि बाहेर आल्यावर एकरी भाव ऐकला,
तेव्हा कुणी लगेच सरळ झालं नाही.

तिसरी सिन्नरच्या पुढं.
दोनशे दहा एकर, कुसळं आणि मुरूम.
सातबाऱ्यावर नुसता गट नंबर.
लांब कड्यावर पवनचक्क्या, पाठ करून उभ्या.
इथं जमेल, म्हणाले साहेब.
तसं ते तिन्ही ठिकाणी म्हणाले होते.

इथं फुगा सोडायचा होता.
सगळ्यात उंच पाळण्याचं टोक कुठवर जाईल
ते डोळ्यांना दिसावं म्हणून एक लाल फुगा,
साठ मीटर दोरी,
आणि दोरी धरायला मी.
कागदावर आहे हे काम : ‘उंची निरीक्षण, मनुष्यबळ एक’.
तौसीफ कॅमेरा घेऊन हायवेला गेला,
तिथून दिसलं पाहिजे टोक,
गाडीतल्या पोरानं काच खाली करून
बापाचा खांदा हलवला पाहिजे.

चाळीस. पन्नास. पंचावन्न.
माळावर कुणी नव्हतं, आणि मग होतं.
शाळा सुटली नव्हती तरी शाळा आली,
मागून आव्हाड गुरुजी, ओरडायला आलेले,
तोंड उघडं आणि मान वर.
शेळ्या तशाच सोडून सांगळ्यांची सुगंधा आली.
रात्रपाळी करून परतणारे दोघं मोटारसायकलवरून उतरले,
डबे हँडलला तसेच.
काय येणार, हे कुणी विचारलं नाही.
विचारलं, वरून काय दिसंल?

तक्त्यात हा रकाना नव्हता.
गुरुजी म्हणाले, गोंदेश्वराचं शिखर,
आणि हवा स्वच्छ असली तर औंढ्याचा सुळका.
आमच्या कंपनीची टाकी, म्हणाला रात्रपाळीचा एकजण,
आणि जांभई दिली.
सुगंधा म्हणाली, माझी बहीण दिसंल का,
तिकडं नांदूरला दिलीय.
पोरं हसली. ती नाही हसली.
एक चिमुरडी म्हणाली, आमचं घर.
अगं, रोज तर बघतीस.
वरून नाही बघितलं.

तेवढ्यात वारा उठला,
ज्याच्या भरवशावर त्या चक्क्या उभ्या केल्यात, तो.
फुगा आडवा झाला,
आणि सगळ्यात उंच पाळण्याचं टोक
शाळेच्या कौलांवरून, विहिरीवरून,
सांगळ्यांच्या पत्र्यावरून सुसाट गेलं, परत आलं.
त्याच्या खालून पोरं धावली हात वर करून,
पोटात गोळा आल्यावर ओरडतात तशी ओरडत.
सुगंधासुद्धा, चपला हातात घेऊन.
रांग लावा रे, गुरुजी एकदा म्हणाले, सवयीनं.
माझ्या तळव्यात दोरी रुतत होती
आणि मी पाय रोवून उभा,
एवढ्या मोठ्या यंत्राचा
तेव्हा एवढाच काय तो पाया.

साहेबांनी लिहिलं : वारा जास्त.

आता घोटीकडं ठरलंय. मुंबई जवळ पडते.
पाऊस चार महिने कोसळतो तिथं,
पण पावसावर छप्पर घालता येतं, म्हणाले साहेब.
मी तिकडंच असतो हल्ली, खड्डे मोजत.

परवा कामानं सिन्नरला उतरलो.
स्टँडबाहेर एक काळीपिवळीवाला दारावर थापा मारत ओरडत होता,
चला फुग्याचा माळ, फुग्याचा माळ, दोनच शिटा!
मी विचारलं, हे कुठं आलं?
त्यानं मला खालीवर बघितलं.
तुम्ही इकडचे दिसत नाही, म्हणाला.