तिसरी रांग

बाणेरला, सातव्या मजल्यावर
छतातला बटणाएवढा डोळा
खिडकीकडे बघतो आणि ठरवतो :
पुरे एवढा उजेड.

दुपारी तीनला समोरच्या काचेच्या इमारतीवरून
ऊन उसळून आत येतं,
आमच्या डोक्यावरचे दिवे
कुणी रागावल्यागत मान खाली घालतात.

खिडकीपाशी तांबवेकर डोळे मिचकावतो,
पडदा ओढतो.
दिवे हळूहळू वर.
ढग आला, अजून वर.
ढग गेला.

मी तिसऱ्या रांगेत.
इथवर ऊन कधी पोचत नाही,
त्याचा हिशोब तेवढा पोचतो.

परवा शिडी लावून इस्माईल चढला,
त्या डोळ्यावर बोट ठेवलं.
लख्ख!
"रात्र वाटली त्याला," म्हणाला.

तेवढ्यात मला दिसलं,
सकाळपासून आठाला मी सहा म्हणत होते.

त्याने बोट काढलं.