चार अंश

एप्रिल. तासगावात डांबर चपलेला धरून ठेवतं,
आणि मी जेवणाच्या सुट्टीत
दोन स्वेटर, कानटोपी, लोकरी मोजे चढवून
कोल्ड स्टोरेजच्या दारात उभी.
नदाफमामा कडी काढतात.
"अर्धा तास, मॅडम. शेठ आलेच तर तुम्ही माल मोजताय."

आत चार अंश.
बर्फ नाही, उतार नाही, वारा पंख्यांचा.
छतापर्यंत बेदाण्याची खोकी,
हिरवा, पिवळा, काळा,
ज्याच्या त्याच्या नावाची चिठ्ठी लावून भावाची वाट बघत.
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बासष्ट पावलं.
पाठीवरच्या सॅकमध्ये पंधरा किलोची पेटी,
तिचा कोपरा रुततो तिथं टॉवेलची घडी.

वरची वाट शहाण्णव किलोमीटर.
मी हिशेबनीस, भागाकार करायला घेते
आणि अर्ध्यात सोडून देते.

बूट नवे होते तेव्हा धोंडिरामकाकांनी
आत हात घालून शिवण चाचपली.
"घरातच घाल. भाकऱ्या करतानाही घाल."
तीन आठवडे मी बूट घालून भाकऱ्या थापल्या.
लेक म्हणाला, आई, परात तरी सॅकमध्ये नको नेऊस.

काकांनी तीन हिवाळे बर्फात काढले.
डाव्या पायाला साडेतीन बोटं.
"आम्हाला पगार होता. तुला काय आहे तिथं?"
मी मोज्यांच्या घड्या घालत राहिले.
मग त्यांनीच सांगितलं:
घाम येण्याआधी एक कपडा उतरव.
तहान नसली तरी पी.
बोट आधी दुखतं. दुखू दे.
दुखायचं थांबलं, की घाबर.

ते बोटांबद्दलच बोलत होते.

मी खोक्यांमधून चालता चालता आठवते
काय काय दुखायचं थांबलं,
कोणत्या वर्षी,
आणि शेजारणीला मी सांगितलं होतं
की आता बरं आहे.

एकविसावी फेरी. उजव्या टाचेत आग.
फोड येणार.
येऊ दे.

दारावर थाप. बाहेर एक्केचाळीस,
चष्मा पांढरा होतो, मामा दिसेनासे होतात,
नुसता त्यांचा आवाज:
"कुठवर पोचलात?"

"सावळजच्या मालापर्यंत," मी म्हणते,
आणि खाली बसून, तिथंच उंबऱ्यावर,
नाडी सोडते. बोटं हलवून बघते.
एक, दोन,