छतावरचा हिवाळा

ग्रिम्सबीच्या गोदीमागे, बिजागऱ्या विकून केलेल्या पैशावर
उभी राहिलेली ही संस्था. दरसाल एकच बक्षीस देते.
मृत्युपत्रात मालकाने लिहून ठेवलंय:
निबंध नकोत. वस्तू पाठवा.
हिवाळाभर ती छतावर राहील.
मार्चात जी चालेल, तिचं बक्षीस.

म्हणून दर सोमवारी मी शिडी चढते.
कानटोपी, वही, दोरीला बांधलेली पेन्सिल;
शाई गोठते, हे पहिल्याच वर्षी कळलं.
यंदा नऊ आल्या.
लीड्सच्या प्राध्यापकांचा पंप नाताळाआधीच गेला.
ऑल्डहॅमच्या शाळकरी मुलींची पाऊस मोजणारी डबी
सीगलने उचलून नेली; तिच्यापुढे मी ‘अनिर्णित’ लिहिलं.
खारं वारं कुणाची पदवी विचारत नाही.

बंद. बंद. चालू. बंद.

आणि धुराड्याच्या आडोशाला ते,
ज्याला कुठल्याच रकान्यात जागा नाही:
बिस्किटाच्या डब्यातलं, हवेची ओल मोजणारं यंत्र.
विनिफ्रेड स्टॅनिलँड, निवृत्त परिचारिका, क्लीथॉर्प्स.
एकोणीसशे एक्क्याण्णव. एक दिवस उशिरा पोचलं,
बाद झालं. न्यायला कुणी आलं नाही.
गेल्या वर्षी पत्र घातलं, तर ते घरच विकलं गेलेलं.

डब्यावरची राणी गंजून गेलीय.
आत ताणून बसवलेला एक केस,
बहुधा तिचाच,
आणि त्याला जोडलेला काटा
धुकं यायच्या आत उठतो,
घरातल्या मोठ्या सुनेसारखा, सगळ्यांआधी.

समितीला विचारलं. तसा नियम नाही, म्हणाले.
नाहीच आहे.
मी वहीच्या समासात, रेघेबाहेर,
दर सोमवारी तेवढं लिहिते:
चालू.