तिसरं बटण

कलिन्याच्या त्या खोलीला खिडकी होती,
मीच काळा कागद चिकटवून ती बुजवली, एकोणनव्वद साली.
हनुवटी टेकवायला लाकडी ठोकळा.
सुताराने तो माझ्या मापाने केला,
म्हणून उंच माणसांना वाकावं लागे.

पडद्यावर पांढरे ठिपके. बहुतेक सैरभैर,
थोडे एका दिशेने.
डावीकडे की उजवीकडे? दाबा बटण.
कळत नसलं तरी दाबा.
एवढाच प्रश्न मी एकतीस वर्षं विचारला
आणि त्यावर प्राध्यापक झाले.

लोक न कळताही बरोबर दाबतात, हे खरं आहे.
शंभरात साठ वेळा, पासष्ट वेळा,
आणि वर म्हणतात, मॅडम, मी आपलं असंच ठोकलं.
त्या ‘असंच’वर माझे तीन पेपर आहेत.

भिकाजी तांडेल आमचा शिपाई, माहुलचा.
एकदा मुलं कमी पडली, त्याला बसवलं.
शंभरातले चार ठिपके सरकले तरी त्याला दिसायचे.
कसं रे? तर म्हणे,
खाडीच्या पाण्याकडं बघत बसायची सवय.

मग मध्येच हात थांबायचा.
दाब ना.
“बाय, यान काय नाय. कुठंच जात नाय.”
विसात एक चित्र तसं असे,
नुसता गोंधळ, दिशाच नसलेला,
आणि ते फक्त मला माहीत.
तिसरं बटण नाहीये, भिकाजी.
“मग तां तुमी बघा.”

त्याची ओळ मी तक्त्यातून काढून टाकली.
वहीत कारण लिहिलं: सूचना पाळत नाही.
अक्षर माझंच. परवा खोकी आवरताना सापडलं.

आज माटुंग्याला डोळे तपासायला गेले.
झरीन नावाची पोर भिंगं बदलत होती, टक, टक.
हे बरं की हे?
पहिलं की दुसरं?
उजव्या डोळ्यात मधोमध हल्ली
एक पुसलेली जागा असते,
जिथे बघावं नेमकी तिथेच.

दोन्ही सारखीच, मी म्हटलं.
“आंटी, एक तरी सांगा ना.”
आवाजात वैताग नव्हता. फक्त सूचना होती.

यंत्र माझ्यासाठी जरा खालीच होतं.
वाकून मी म्हटलं, दुसरं.
तिने लिहून घेतलं.