मागच्या पानावरून

दवाखान्यातली ती पोरसवदा डॉक्टर म्हणाली,
झोप लागत नाही ना, इयामझे मावशी,
मग निजण्याआधी रोज तीन गोष्टी लिहून काढा,
ज्यांच्यामुळे बरं वाटलं अशा.
मी म्हटलं, गोळ्या नाहीत का?
म्हणाली, आहेत. पण आधी हे.

कोरी वही दुकानातच होती, दीड लारीची.
पण विकायचा माल आपणच वापरणं
ओतारला कधी पटलं नव्हतं,
आणि त्याच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण
अजून व्हायचं होतं.
म्हणून उधारीची वही उलटी धरली
आणि मागच्या पानावरून सुरुवात केली.

पुढून: झाउरी. दोन बल्ब, सिगारेट. चौदा लारी.
पुढून: शाळेतल्या बाई. साखर, काड्यापेट्या. सहा.
पुढून: तामाझ. जुनी बाकी. नेहमीप्रमाणे उद्या.

मागून, पहिल्या रात्री: काही नाही.
दुसऱ्या रात्री: काही नाही. शेगडी धुरावली.
तिसऱ्या रात्री, डॉक्टरला काहीतरी दाखवायला हवं म्हणून:
पाव गरम होता.
लिहिलं आणि माझी मलाच लाज वाटली.
साठ वर्षं खाल्ला, पोच आत्ता?

दुसऱ्या दिवशी भट्टीवर गेले
तर लामाराचे हात दिसले.
भट्टीच्या तोंडात कमरेपर्यंत वाकून
आतल्या भिंतीवर कणीक थापणारे,
कोपरापर्यंत भाजल्याचे डाग, काही जुने, काही ओले.
इतकी वर्षं पैसे मोजताना
मी फक्त पाव पाहिला होता.
रात्री लिहिलं: लामारा. हात.

वहीनं ही एक खोड लावली.
दिवसभर डोळे कामाला जुंपले गेले,
रात्री हजेरी द्यायची म्हणून.
रिओनीवरचं धुकं आज पुलाखालून गेलं.
शाळेतल्या बाईंनी बाकी दिली नाही, पण बसल्या.
भोपळा आतून निघाला तसा बाहेरून वाटला नव्हता.
असलं काहीबाही.
काही दिवस नुसती रेघ.
एकदा रागानं: तामाझ मेला नाही, एवढंच.

जानेवारीत गळ्याइतका बर्फ पडला.
पहाटे छपरावर खरड खरड.
बाहेर येईतो फावडं खांद्यावर टाकून
झाउरी उताराला लागला होता.
हाक मारली, वळला नाही.
दुपारी दुकानात आला, मेणबत्त्या घेतल्या,
म्हणाला, लिहून ठेवा.
लिहून ठेवलं. दोन्हीकडे.

ओतारचं नाव मात्र मागून कधी आलं नाही.
पेन तिथवर जायचं आणि थांबायचं.
फेब्रुवारीत वीज गेली त्या रात्री
अंधारात अक्रोड फोडत बसले
आणि पहिल्यांदा अख्खा गर हाती आला नाही.
तेव्हा ध्यानात आलं.
बेचाळीस हिवाळे तो फोडायचा,
अख्खा गर माझ्या वाटीत,
चुरा त्याच्या तोंडात.
मला वाटायचं, त्याला चुराच आवडतो.

ते लिहिलं. सव्वा पान झालं.
त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.
डॉक्टरला हे सांगितलं नाही.
झोप आली ती नंतर, चोरपावलांनी,
कधी चार तास, कधी पाच.

एप्रिलमध्ये वही संपली.
पुढचं लिखाण आणि मागचं लिखाण
एकाच कागदाच्या दोन अंगांना येऊन थांबलं.
खिडकीशी धरलं तर उजेडात
एकमेकांतून उलटीसुलटी अक्षरं दिसू लागली:
झाउरी, मेणबत्त्या, मागची बाकी धरून सतरा लारी,
आणि त्यावरच, पाय वर करून, झाउरी, छप्पर.
ऋणको कोण, धनको कोण,
कागदाला काही कळेना.

सतरा लारी मी खोडले नाहीत.
दुकान आहे, देऊळ नाही.
तो आला तेव्हा बाकी सांगितली,
आणि मग, कधी नव्हे ते,
स्टूल पुढे सरकवलं. बस, म्हटलं. अक्रोड आहेत.
अख्खे निघाले ते त्याच्यापुढे ठेवले.

संध्याकाळी फळीवरून नवी वही काढली
आणि गल्ल्यात माझे मीच दीड लारी टाकले.
ओतार असता, तर मोजून घेतले असते.